मांडूळ खातंय, हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक

माती देऊन आज बारा दिवस झाले. बैठकीतली सतरंजी गुंडाळून ठेवली, शेजाऱ्यांकडून आणलेली भांडी घासून परत केली. येणारे-जाणारेही कमी झालेत. आणि मी अजून तुमच्यावर रागावलेलीच आहे.

जो आला तो एकच वाक्य बोलून गेला. "सरांनी उभ्या जन्मात कुणाला दुखवलं नाही." मी मान डोलावत राहिले. मनात म्हणत होते, माणूस दुखावतं ते समोरच्यानं तोंडावर खरं सांगितलं की. तुम्ही कधी सांगितलंत?

तिसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाचे डॉक्टर आले. खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "बाई, मी दिवाळीपासून सरांच्या मागे लागलो होतो. मिरजेला जाऊन छाती दाखवून या म्हणून. ते म्हणायचे, बघू. आणि आमच्या घरी यातलं काही बोलू नका." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं?"

मी त्यांच्यासाठी पाणी आणायला उठले.

हे सगळं मी गिळून टाकलं असतं. पण परवा कॅनडाहून उमाचं पत्र आलं, तार पोचल्यावर लिहिलेलं. अक्षर तिचं, शुद्धलेखन बहुधा तिच्या आईचं. "अज्जी, आता सांगितलं तर चालेल ना? पेन्सिल सप्टेंबरपासून खातंय. अज्जांनी आम्हाला पत्रात लिहिलं होतं, पण अज्जीला कळू देऊ नका म्हणाले होते. शशीनंसुद्धा सांगितलं नाही. अज्जा आमच्यावर खूश होते."

अकरा वर्षांची उमा, सात वर्षांचा शशी. समुद्रापलीकडच्या नातवंडांना तुम्ही माझ्यापासून लपवायला शिकवलंत आणि वर शाबासकी दिलीत. म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला लिहिते आहे, पण पाठवणार त्यांना. त्यांच्याजवळ अर्धीच गोष्ट आहे, आणि ती अर्धी तुमच्या बाजूची आहे.

मुलं जुलैत आली होती, पहिल्यांदाच. तुम्ही मंगळवेढ्याला शेत बघायला म्हणून गेलात आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आलात. जेवणाचा डबा माझ्या हातात दिलात.

"वरचा खण जपून उघड. मुलांसाठी गंमत आणलीय."

खणात ओल्या फडक्यावर वीतभर लांबीचं मांडूळ होतं. पेन्सिलीएवढं जाड, म्हणून मुलांनी त्याचं नाव पेन्सिलच ठेवलं; विटकरी रंगाचं, शेपटीवर काळे पट्टे. बांधाजवळ कुळव चालला होता तिथं सापडलं म्हणालात. आपली गौराबाई भांडी घासता घासता उठून आली आणि दोन पावलं मागं सरकली.

"अगं बया! दुतोंडी हाय ते. पोरास्नी हात लावू दिऊ नगा, बाई. चाटलं की कोड उठतंया."

"गौराबाई, बिनविषारी आहे ते," तुम्ही म्हणालात. "आणि तोंड एकच आहे. दुसरीकडे शेपूट."

"तुमाला काय ठावं! सा म्हैने हिकडनं चालतं, सा म्हैने तिकडनं."

"मग जेवतं कुठून?" शशीनं विचारलं.

सगळे हसलो. पुढे दोन महिने त्याच प्रश्नानं आपल्या सगळ्यांचा जीव खाल्ला.

तुम्ही तीस वर्षं हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवलंत. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं आणि शेवटची नऊ वर्षं शाळा चालवली. त्यामुळे या घरात जनावर म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक, आणि ते ठेवायचं कसं हे मी ठरवणार, असं आपोआप झालं. वाचनालयातून मी सापांवरचं इंग्रजी पुस्तक आणलं. सुताराकडून काचेच्या झाकणाची लाकडी पेटी करून घेतली. आत स्वच्छ कागद, कोपऱ्यात पाण्याची वाटी. रोज सकाळी साडेसहाला कागद बदलायचा, पेटी फिनेलच्या पाण्यानं पुसायची, वहीत नोंद करायची. आपल्या घरात कधी अंडं आलेलं नाही. तरी पोरांसाठी मी मन घट्ट केलं आणि फक्त दोन अटी घातल्या. सापाचं खाणं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही, आणि श्रावणात या घरात जीव जाणार नाही. तुम्ही म्हणालात, "बरं."

तो तुमचा शब्द. चाळीस वर्षं ऐकला. तुम्हाला पटलं की "बरं", न पटलं तरी "बरं". आवाजात तसूभर फरक नाही. माणसानं ओळखायचं कसं?

श्रावण लागायच्या आधी सगळे प्रयत्न झाले. गौराबाईनं परसातून पालीचं पिल्लू धरून आणलं, ते मांडुळाच्या डोक्यावरून फिरलं, आणि मांडूळ कोपऱ्यात तोंड खुपसून बसलं. रद्दीत उंदराची डोळे न उघडलेली पिल्लं सापडली, त्यातलं एक चिमट्यानं समोर धरलं. नाही. पेटीवर कापड टाकून अंधार केला. नाही. जवळ कंदील ठेवून ऊब दिली. तरी नाही. मुलं पोटावर पालथी पडून तासन्‌तास काचेतून बघायची. शशी स्वतःचं ताट तसंच ठेवून म्हणायचा, पेन्सिल जेवलं की मी जेवतो. त्याला भरवताना मला घाम फुटायचा.

त्या दिवसांत एकदा, फक्त एकदा, तुम्ही वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणालात, "थोडी माती टाकून बघायची का पेटीत?"

"मातीत जंतू असतात. पुस्तकात कागदच सांगितलाय."

"बरं."

झालं. एवढंच. आता तुम्ही म्हणाल, मी सांगितलं होतं. असं सांगतात? ते पुस्तक विलायतेतल्या सापांचं आहे, मांडूळ मातीत पुरून घेतल्याशिवाय, फक्त डोळे बाहेर ठेवून दबा धरल्याशिवाय भक्ष्याला तोंड लावत नाही, उघड्या कागदावर ते भेदरून जातं, हे तुम्हाला त्याच दिवशी ठाऊक होतं. हेच तुम्ही दरवर्षी नववीच्या पोरांना फळ्यावर चित्र काढून सांगितलं असणार. चाळीस पोरांसमोर तुमचा आवाज खणखणीत निघायचा. बायकोसमोर वर्तमानपत्राच्या आडून.

श्रावणाचा महिना ते उपाशी राहिलं. तो माझ्या अटीमुळे, हे मी मान्य करते. मुलांची परत जायची वेळ आली. स्टेशनवर शशी खिडकीचे गज धरून ओरडत होता, "अज्जा, जेवलं की लगेच कळवा!" गाडी हलल्यावरही ओरडत होता. घरी येऊन मी मांडूळ तळव्यावर घेतलं, तर पाठीचा कणा बोटाला दोरीसारखा लागला. कातडीला सुरकुत्या पडलेल्या. ते मरणार, हे मला त्या क्षणी दिसलं, आणि त्या मुलांना ते पत्रातून कोण लिहिणार हेही दिसलं.

श्रावण संपला. तुम्हाला आठवतं ना, त्या सोमवारी मी काय म्हटलं? पुस्तकात शेवटचा उपाय दिला होता. काडीनं जबडा उघडायचा आणि चिमट्यानं घास आत सारायचा. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता करायचं, तुम्ही धरायचं, मी भरवायचं. तुमचा चेहरा उतरला होता.

"मरेल गं एखादे वेळेस."

"असंही मरतंच आहे. दुसरं काही सुचतंय का तुम्हाला?"

मी विचारलं होतं. सरळ मराठीत, समोर बसून विचारलं होतं. तुम्ही काय म्हणालात?

"बरं. शुक्रवारी."

मधल्या गुरुवारी मी नेहमीसारखी तीन वाजता नव्या पेठेतल्या वाचनालयात गेले. ग्रंथपाल आजारी होते, दाराला कुलूप. ऊन फार होतं म्हणून मागच्या बोळानं लवकर परत आले. परसात पाऊल टाकलं तर कोळशाच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. दार अर्धं उघडं होतं. फुटक्या रांजणाच्या बुडात चाळलेली माती भरलेली होती, आणि शेजारी माझी रव्याची चाळण पडली होती, जी मी आठ दिवस घरभर शोधत होते. गौराबाई उकिडवी बसलेली. तुम्ही कोळशाच्या भुकटीत धोतरासकट मांडी घालून.

"सोडू का, सर?"

"हळू. अगदी कडेला सोडा."

"बाई आल्या म्हंजी?"

"साडेपाचला येतील. त्यांचं घड्याळ चुकत नाही."

पालीचं पिल्लू मातीवर उतरलं. दोन पावलं चाललं, थांबलं. मातीत काहीच दिसत नव्हतं. मग माती उसळली, आणि ते विटकरी पोर आडवं बाहेर पडून पालीला दोन वेढे घालून मोकळं झालं.

"धरलं! धरलं की वो!"

"हळू, हळू!" म्हणत तुम्ही स्वतःच टाळी वाजवलीत.

दोन महिने मी ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण तो होता. मी दाराआड उभी होते आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. मी आत येणार होते. खरंच येणार होते. तेवढ्यात गौराबाई म्हणाली, "आता बाईस्नी सांगा की. लई खूश हुतील."

"खूश होतील. आणि मग त्यांना कळेल, की पेटीत माती नव्हती म्हणून ते उपाशी राहिलं. दोन महिने रोज पुसलीय त्यांनी ती पेटी. कसं सांगू?"

"तोंडानं सांगायचं. आनी कशानं?"

"तुम्ही सांगा, गौराबाई."

"मला काय येड लागलंय व्हय?"

आणि तुम्ही दोघं हसलात. तुम्ही इतकं मोकळं हसलेलं मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

मी आल्या बोळानं परत गेले. नव्या पेठेत एका कापडाच्या दुकानात बसून चादरी उलगडून घेतल्या, एकही घेतली नाही. दुकानदार कंटाळला. साडेपाचला पुढच्या दारानं घरी आले. पेटीत, स्वच्छ कागदावर, मांडूळ होतं. तुमच्या नखांत माती होती.

शुक्रवारी नऊ वाजता तुम्ही टेबलावर काडी, चिमटा आणि फडकं मांडून ठेवलंत. पोट भरलेल्या जनावराच्या घशात मी आणखी घास कोंबणार होते, आणि तुम्ही त्याला हातात धरून माझ्यासमोर उभे होतात. मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. आता बोलतील, आता बोलतील. तुम्ही तोंड उघडलं नाहीत. शेवटी मीच म्हटलं, "आज नको. अजून एक आठवडा थांबू."

"बरं," तुम्ही म्हणालात, आणि पहिल्यांदाच त्या शब्दात मला फरक ऐकू आला.

मी गुरुवारी लवकर परत आले नसते तर? तुम्ही मला ते करू दिलं असतं का? पाच महिने हा प्रश्न माझ्या घशात अडकला आहे. तुम्ही बसल्या खुर्चीत, सकाळच्या उन्हात, पेपर मांडीवर ठेवून गेलात, आणि उत्तर घेऊन गेलात. याचा मला जितका राग आहे तितका कशाचाच नाही.

मुलांनी आता माझी बाजूही नीट वाचावी, कारण ती फारशी चांगली नाही. त्यानंतर मी दर गुरुवारी वेळेवर बाहेर पडले आणि वेळेच्या आधी कधी परत आले नाही. सकाळी पेटीतल्या कागदावर विष्ठा दिसायची. उपाशी जनावराला ती कुठून येईल? मी कागद गुंडाळून फेकला, नवा घातला आणि वहीत लिहिलं, "खाल्लं नाही." आयुष्यात नोंदवहीत खोटं लिहिलं ते तेवढंच, पण आठवड्यामागून आठवडे लिहिलं. तुम्ही सांगण्याची वाट पाहत होते. तुम्ही सांगितल्याशिवाय मी विचारणार नव्हते. मांडूळ जाड होत होतं, तुम्ही त्याच्याकडे बघून "अजून टिकून आहे बिचारं" म्हणत होतात, आणि मी "हो ना" म्हणत होते. म्हाताऱ्या नवरा-बायकोनं खेळायचा खेळ होता का हा?

खरं तर तुमची ही रीत मला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ठाऊक झाली होती. मला नोकरी करायची होती आणि सासूबाईंना ते चालणार नव्हतं. तुम्ही त्यांच्याशी एका शब्दानं वाद घातला नाहीत. माझा अर्ज स्वतः शाळेत टाकून आलात आणि त्यांना सांगितलंत, की शाळेतूनच बोलावणं आलंय, नाही म्हटलं तर बरं दिसणार नाही. पहिल्या दिवशी माझा डबा सायकलला अडकवून दारात उभे राहिलात. रस्त्यात आपण दोघं किती हसलो होतो! माझं सगळं आयुष्य, माझी शाळा, माझ्या मुली, मला मिळालेला मान, हे सगळं तुमच्या त्या एका लबाडीवर उभं आहे. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आता मानते. पण तेव्हा मला कळायला हवं होतं, की हा माणूस आईला फिरवतो तसा एक दिवस मलाही फिरवेल. सासूबाई कडक होत्या म्हणून आपण हसलो. कोळशाच्या खोलीत तुम्ही हसलात तेव्हा सासूबाईंच्या जागी मी होते.

आणि आता ते, जे मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

दिवाळीनंतर तुम्ही माडीचा जिना मध्येच थांबून चढू लागलात. थांबलात की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचात, जणू तारीख बघायलाच थांबलात. संक्रांतीच्या आधी तुमचा कोट लाँड्रीत द्यायला काढला. आतल्या खिशात गोळ्यांची लहान बाटली निघाली, अर्धी रिकामी. मी लेबल वाचलं. मला इंग्रजी येतं. कोट लाँड्रीत दिला नाही. बाटली होती तशी, होती त्या खिशात ठेवली आणि कोट खुंटीला अडकवला.

मी वाट पाहत होते. मांडुळाचं सांगितलं नाहीत, निदान हे तरी स्वतःहून सांगाल म्हणून. मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तो माझा हक्क आहे असं मला वाटत होतं. तीन आठवडे मी तो हक्क धरून बसले, आणि तुम्ही गेलात.

मांडूळ ठीक आहे, मुलांनो. पेटीतला कागद मी काढून टाकला, रांजणातली माती स्वतः आत भरली. थंडी आहे म्हणून ते खालीच दडून असतं. वहीत आता खरं लिहिते.

काल मी गौराबाईला समोर बसवलं. विचारलं, "तुला डॉक्टरांचंही ठाऊक होतं?"

तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "व्हय, बाई."

"मग तू तरी का नाही सांगितलंस? मला कुणी काही सांगत का नाही?"

"राग यीऊ दिऊ नगा. तुमची चूक दावली की तुमी वरडत न्हाईसा. वरडला असता तर बरं हुतं. तुमी गप बसता. आठ-आठ दिस. सर त्येला लई भ्यायचे."

मला राग आला. इतका आला की मी काही न बोलता उठून आत गेले. संध्याकाळी तिनं चहा आणून ठेवला, मी घेतला, बोलले नाही. ती कपबशी उचलायला आली, क्षणभर माझ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बगा. ह्ये आसं."

ठीक आहे. ती खरं बोलली. पण तुम्ही माझ्या गप्प बसण्याला भ्यायलात, ही तुमची चूक मी माफ करणार नाही. तुम्ही सांगायला हवं होतं. मी चिडले असते. आठ दिवस तुमच्याशी बोलले नसते. नवव्या दिवशी तुमच्याबरोबर मिरजेला आले असते.